हॅम्बर्गरचे रविवार

आमची मुलगी गेली त्या हिवाळ्यात आम्ही दोघं जवळजवळ दर रविवारी हॅम्बर्गर शोधायला बाहेर पडायचो. असं सरळ सांगितलं की ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं, म्हणून मी ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही. त्यातून मी जन्माची शाकाहारी. पण घडलं ते तसंच घडलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी जपानमधल्या सेंदाईला गेले. नवरा तिथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा. त्याआधी काही वर्षं तो पीएचडीसाठी अमेरिकेत होता. तो मला बघायला पुण्याला आमच्या घरी आला तेव्हा मोठी माणसं मुद्दाम आत उठून गेली आणि आम्हाला दोघांना थोडा वेळ बोलायला सोडलं. त्याने छंद, आवडीनिवडी असलं काही विचारलं नाही. म्हणाला, "एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मांस खातो. बीफसुद्धा. अमेरिकेत लागलेली सवय आहे. तुला माहीत असावं."

"मला करावं लागेल का?"

"नाही. मी बाहेरच खातो."

"मग तुम्ही तुमचं खा."

"आणि मला अहो-जाहो नको करूस," तो म्हणाला. आमचं लग्न त्या खोलीतच ठरलं म्हणायला हरकत नाही.

मांस म्हणजे त्याच्या लेखी एकच पदार्थ होता, हॅम्बर्गर. त्याचं विद्यापीठ मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका गावात होतं. शिक्षण संपवून निघालेल्या कुणाची तरी जुनी गाडी त्याने घेतली होती. शनिवारी प्रयोगशाळेतलं काम उरकलं की हा गाडी काढायचा आणि वाटेल त्या रस्त्याला लागायचा. एखादं लहान गाव आलं की पेट्रोल पंपावर थांबून विचारायचा, "इथे हॅम्बर्गर सगळ्यात चांगला कुठे मिळतो?" गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत तो कधी जायचा नाही. त्याला त्या गावचं, एका माणसाने किंवा एका घराने चालवलेलं हॉटेल हवं असायचं. कुठे तव्यावर कांदा मांसात दाबून भाजायचे, कुठे पाव लोण्यात परतायचे, कुठे नुसती मोहरीची चटणी आणि काकडीचं लोणचं. मोठ्या सुट्टीत तो त्याच कारणासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. सगळं ऐकल्यावर मला वाटायचं, या माणसाने अमेरिका पाहिली ती हॉटेलच्या काउंटरवर बसून.

सेंदाईला आल्यावर त्याने हा नाद जवळजवळ सोडला होता. आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी जपानी शिकायला जायचे, सायकलवरून भाजी आणायचे, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते पाठ करायचे. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने लाकडी पाळणा आणून दिला, त्याची मुलं मोठी झाली होती.

आठव्या महिन्यात एका सकाळी मला जाणवलं की आदल्या दिवसापासून पोटात हालचाल नाही. आम्ही टॅक्सीने हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी पडदा हळूच पलीकडे वळवला. मला कळावं म्हणून ते अगदी सावकाश, सोप्या जपानीत बोलले. मला सगळे शब्द कळले, एक सोडून. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला तो एक कळला होता.

दुसऱ्या दिवशी बाळंतपण झालं. कुणाची काही चूक नव्हती, असं घडतं, असं डॉक्टर म्हणाले आणि कंबरेत वाकून उभे राहिले. मुलगी होती. डोक्यावर भरपूर जावळ. नर्सने तिला मलमलीचं अंगडं घातलं आणि माझ्या हातात दिलं. कितीतरी वेळ मी तिला घेऊन होते. मग नवऱ्याकडे दिली. त्याने आयुष्यात कधी तान्हं मूल घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "डोकं धर तिचं." त्याने डोक्याखाली हात नीट सरकवला आणि तसाच उभा राहिला.

मी हॉस्पिटलातच होते तेव्हा त्याने पुढचं सगळं एकट्याने उरकलं. काय, कुठे, कसं, मी विचारलं नाही. मी घरी आले तेव्हा देवांच्या फळीवर पांढऱ्या कापडात बांधलेली एक लहानशी बरणी होती. पाळणा दिसत नव्हता.

मग दूध आलं. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शरीराला काही कळवलेलंच नव्हतं जणू. मी गार पाण्यात पंचे भिजवून छातीला बांधायचे आणि न्हाणीघरात बसून राहायचे.

पुण्याहून आईचा फोन आला. रडून झाल्यावर तिने विचारलं, "कुठे ठेवलं गं तिला?"

मी सांगितलं.

"जाळलं?" आई म्हणाली. "अगं, आपल्यात इतक्या तान्ह्या जिवाला जाळत नाहीत. पुरतात."

"इथे तसाच नियम आहे, आई."

तिला दुखवायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं होतं. पण फोनवरचा आवाज त्या छोट्या खोलीत सगळा ऐकू यायचा. नवरा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. फोन ठेवेपर्यंत पाणी वाहत होतं.

नंतरचे आठवडे कसे गेले हे मला नीट आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई दरवाज्याच्या कडीला पिशवी अडकवून जायच्या. आत कधी शिजवलेला भोपळा, कधी पर्सिमॉनची सोललेली केशरी फळं. बेल वाजवायच्या नाहीत. नवरा रोज कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, भात लावायचा. आम्ही जेवायचो. त्याने एकदाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तो मला "झोप लागली का" विचारायचा, मी "हो" म्हणायचे. बाहेर थंडी वाढत होती. घासलेट विकणाऱ्याची गाडी गाणं लावून गल्लीतून फिरायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी तो अचानक म्हणाला, "उद्या हॅम्बर्गर खायला जाऊया."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "काय?"

"शहरात एक जुनं कॉफीचं दुकान आहे. तिथे चांगला मिळतो म्हणतात."

मला इतका राग आला की मी उठून आतल्या खोलीत गेले. पण दुसऱ्या दिवशी तो कोट घालून दारात उभा राहिला तेव्हा मीही कोट घातला. कारण एकच, घरात एकटं बसण्यापेक्षा दुसरं काहीही परवडलं असतं.

त्या दुकानात लाल मखमलीच्या खुर्च्या होत्या. म्हातारे लोक पेपर वाचत बसले होते. नवऱ्याने मागवलेला पदार्थ लोखंडी तव्यावर चुरचुरत आला. वर तपकिरी रस्सा, बाजूला गाजर, आणि वेगळ्या बशीत भात. तो त्याकडे बघत राहिला.

"पाव कुठेय?" मी विचारलं.

जपानीत हॅम्बर्गर आणि 'हानबागु' हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि दुसऱ्यात पाव नसतो, हे त्याला माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं तिथे राहून त्याने कधी हानबागु मागवलंच नव्हतं. त्याने काटा-चमचा घेऊन सगळं खाल्लं, भातासकट. मी टोस्ट खाल्ला.

"हा नव्हे," बाहेर पडताना तो म्हणाला. "पुढच्या रविवारी दुसरीकडे बघू."

अशी ती सुरुवात झाली. त्याने प्रयोगशाळेतल्या मंडळींना विचारायला सुरुवात केली. जपानी माणसं असल्या बाबतीत फार गंभीर असतात. सोमवारी कुणीतरी एखादं गाव सुचवायचं, शुक्रवारपर्यंत तिथला नकाशा हातात यायचा. आमच्याकडे एक लहानशी जुनी पांढरी गाडी होती. तिला बर्फातले टायर लावून घेतले आणि आम्ही रविवारी सकाळी निघायचो.

इशिनोमाकीला बंदराजवळच्या एका हॉटेलात गेलो. मालक पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता. त्याचा हॅम्बर्गर दिसायला अगदी हवा तसा होता. नवऱ्याने घास घेतला आणि म्हणाला, "मासा आहे." डोंगरापलीकडे यामागाताच्या वाटेवर बर्फावर घसरायला येणाऱ्या पोरापोरींचं एक ठिकाण होतं. तिथे वर गोड सोया सॉस आणि अंडं घालून दिला. एका ठिकाणी स्वयंपाकी स्वतः बाहेर आला, कारण परदेशी माणूस अर्धा घास तोंडात धरून विचार करत बसलाय हे त्याने आतून पाहिलं होतं. नवऱ्याने त्याला मोडक्यातोडक्या जपानीत, हातवारे करून सांगितलं की कांदा वरून ठेवायचा नाही, मांसाबरोबर तव्यावर दाबायचा. स्वयंपाकी आत गेला, तसा करून घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. तोही 'तो' नव्हता. पण त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून नवऱ्याने दोन खाल्ले.

माझी पंचाईत असायची. अंडं मी खायचे, म्हणून बहुतेक वेळा अंड्याचं सँडविच आणि बटाट्याचे काप यांवर भागायचं. एका छोट्या गावातल्या बाईंनी मी मांस खात नाही हे कळल्यावर पावात कोबी, चीज आणि भाजलेलं वांगं घालून दिलं होतं. त्यांच्याकडे ते मेनूवर नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने केलं आणि माझ्यासमोर ठेवून त्या लगेच निघून गेल्या, मला आभार मानायची अडचण नको म्हणून. ते मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. कितीतरी दिवसांनी मी पूर्ण बशी संपवली होती.

गाडीत तो बोलायचा. घरात गप्प असणारा हा माणूस स्टिअरिंगवर हात आला की सुरू व्हायचा. अमेरिकेतली गावं, तिथले काउंटर, ट्रक चालवणारे लोक. एकदा म्हणाला, "खरं सांगू का, मला त्या बर्गरचं एवढं नव्हतं. आठवडाभर माझ्याशी कामाशिवाय कुणी बोलायचं नाही. काउंटरवर बसलं की शेजारचा माणूस विचारायचा, कुठून आलास? मग अर्धा तास तरी बोलणं व्हायचं." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी ऐकत होते, आणि आत कुठेतरी मला चीडही येत होती. सगळ्या जगाबद्दल बोलतोस आणि तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

फेब्रुवारीत एकदा यामागाताहून परत येत होतो. त्या दिवशी दुकानात शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं बसलं होतं, त्यांच्याबरोबर चारपाच महिन्यांचं बाळ. बाळाची आई त्याला मांडीवर उभं करत होती आणि ते पाय झाडत होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. आणि माझ्यासमोर माझा नवरा हॅम्बर्गर खात होता, अगदी मन लावून, प्रत्येक घास चावून चावून. संपल्यावर त्याने आणखी एक मागवला.

परतीच्या वाटेवर घाटात बर्फ सुरू झालं. पुढे बर्फ काढणारी गाडी होती आणि तिच्यामागे सगळ्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही जवळजवळ थांबलेलोच होतो. मी म्हटलं, "तुला भूक लागते तरी कशी?"

त्याने वायपरचा वेग वाढवला.

"मला सांग. ती जाऊन चार महिने नाही झाले. तू रडला नाहीस. तिचं नाव नाही काढलंस. दर रविवारी मला घेऊन बाहेर पडतोस आणि खातोस. कसा घास उतरतो तुझ्या घशाखाली?"

पुढची गाडी सरकली. त्याने आमची सरकवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला नाही, वाट बघत राहिला. मग नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून समोर बघत बोलायला लागला.

"तिला घेऊन मी गेलो ना त्या दिवशी," तो म्हणाला, "तेव्हा तिथल्या माणसाने मला आधीच सांगितलं होतं, इतक्या लहान बाळाचं मागे काही उरेलच असं नाही. मी म्हटलं ठीक आहे. मला एका खोलीत बसवलं. फार वेळ लागला नाही. मग त्याने बोलावलं. थोडं उरलं होतं. त्यांच्यात घरातली दोन माणसं मिळून हाडं उचलतात, दोघांनी दोन बाजूंनी चॉपस्टिक धरायच्या. त्याने विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. मग त्यानेच दुसऱ्या चॉपस्टिक घेतल्या. मी आणि तो परका माणूस. त्याने टोपी काढून ठेवली होती."

वायपर काच पुसत होते. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

"बाहेर आलो. बरणी हातात होती. तू हॉस्पिटलात. घरी जायचं तर घरात पाळणा. मी स्टेशनजवळ उतरलो आणि चालत राहिलो. आणि मला भूक लागली. आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मला भूक लागली होती गं. मी एका दुकानात गेलो, बरणी टेबलावर ठेवली आणि हॅम्बर्गर मागवला. दुसरं काही सुचलंच नाही. मी तो पूर्ण खाल्ला." तो थांबला. "त्याला चव नव्हती. मला वाटलं दुकान वाईट असेल. पण मग घरी भाताला चव नव्हती, चहाला नव्हती. कशालाच नव्हती. अजून नाही. मी एवढं चावून चावून खातो ते कुठे काही लागतंय का, ते बघायला. मला वाटतं, एखाद्या ठिकाणी येईल. तू म्हणतेस भूक. कसली भूक?"

मग तो रडला. स्टिअरिंगवर डोकं टेकून, लहान मुलासारखा हुंदके देत. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाड कोटावरून माझा हात त्याला कळला तरी की नाही कुणास ठाऊक. बर्फ काढणारी गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "मला सोडून तू एकट्याने जायला नको होतंस."

"तू उठूसुद्धा शकत नव्हतीस."

ते खरंच होतं.

त्यानंतरही आमचे रविवार चालू राहिले, पण गाडीत आता तिच्याबद्दल बोलणं व्हायचं. तिचं जावळ त्याच्या आईवर गेलं होतं असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, नाही, माझ्या भावावर. आईने म्हटलेलं ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं. "आपण भारतात असतो तर पुरलं असतं ना?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. मी म्हणायचे, "असतं. पण आपण इथे होतो." दोघांचंही समाधान होत नसे, तरी विचारल्यावर उत्तर देणारं कुणीतरी आहे, एवढंच.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उत्तरेला मिसावाला गेलो. तिथे अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे आसपास अमेरिकी पद्धतीची खाण्याची ठिकाणं आहेत. सहकाऱ्यांपैकी एकाने तिथलं एक दुकान सुचवलं होतं. काउंटर आणि तीन टेबलं, बस. एक म्हातारा तव्यापाशी आणि त्याची बायको बाहेर. म्हातारा तरुणपणी तळावरच्या स्वयंपाकघरात कामाला होता, तिथेच शिकला. आम्ही काउंटरवर बसलो. त्याने न सांगताच कांद्याचे पातळ काप मांसात दाबले आणि वरून पाव उपडा ठेवला, म्हणजे वाफ पावात जावी. नवरा पुढे झुकून बघत होता.

हॅम्बर्गर आला. त्याने पहिला घास घेतला, चावला, आणि त्याचा हात तसाच वर राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"चांगला आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "खूप चांगला आहे."

"चव येतेय?"

त्याने मान हलवली. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर त्याला आनंद होईल. पण त्याचा चेहरा कुणीतरी हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखा झाला होता. त्याने हॅम्बर्गर बशीत ठेवला आणि कागदी रुमालाने बोटं पुसत राहिला. मी त्याला म्हटलं, "खा. निवेल." मग त्याने तो सावकाश संपवला.

म्हाताऱ्या बाईंनी कॉफी ओतता ओतता मला विचारलं, कुठून आलात, इथे काय करता. मग सगळ्या बायका विचारतात तसं त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

या प्रश्नाला मी तोवर "नाही" म्हणत आले होते. त्या दिवशी कसं कोण जाणे, मी म्हणाले, "एक. मुलगी."

"अरे वा, केवढी?"

माझं जपानी तिथेच संपलं. नवऱ्याने सांगितलं, "ती जन्मतानाच गेली."

बाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. दोन्ही हात एप्रनवर जुळवून त्यांनी मान खाली घातली. तव्यापाशी म्हाताऱ्यानेही उलथनं बाजूला ठेवलं. मग बाईंनी हळूच विचारलं, "नाव काय तिचं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिला नाव नव्हतं. बारसं व्हायच्या आधीच ती गेली होती, आणि नाव ठेवण्याचा विचार कुणाच्याही मनात आला नव्हता. माझ्याही नाही. "नाही ठेवलं," मी म्हटलं. बाई "हं" म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याला अगदी ओझरता हात लावून आत गेल्या.

परत निघताना गावाबाहेर एक मोठं तळं लागलं. तिथे नवऱ्याने गाडी थांबवली. वारा बोचरा होता, म्हणून आम्ही आतच बसलो. लष्करी तळावर विमानं उतरत होती, त्यांचा आवाज सारखा येत होता.

"मी एक नाव योजलं होतं," तो म्हणाला. "मुलगी झाली तर."

"मला नाही सांगितलंस."

"तू मुलगाच म्हणत होतीस."

"सांग आता."

त्याने सांगितलं. मला आवडलं. मी ते दोनदा म्हणून पाहिलं, एकदा हाक मारतात तसं. मी विचारलं, आडनाव तुझं लावायचं ना? तो म्हणाला, अर्थात. असं ते बारसं झालं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आम्हा दोघांपुरतंच राहिलं आहे.

उन्हाळा आला आणि रविवारचं बाहेर पडणं आपोआप थांबलं. मला एका बेकरीत अर्धवेळ काम मिळालं, पहाटे जावं लागायचं, रविवारी मी झोपून असायचे. आम्ही आणखी दोन वर्षं सेंदाईत होतो. पुन्हा दिवस जावेत म्हणून जे करायचं ते केलं. गेले नाहीत. मग त्याचा करार संपला आणि पुण्याला एका संस्थेत जागा मिळाली.

निघायच्या आठवड्यात घरात खोकी पसरलेली होती. मी त्याला म्हटलं, "मला ती जागा दाखव."

कुठली, हे त्याने विचारलं नाही. आम्ही गाडीने गेलो. शहराबाहेर टेकडीवर, झाडांमध्ये, एखाद्या शाळेसारखी नीटनेटकी इमारत होती. मला उगाच काहीतरी काळं, धुरकट डोळ्यांसमोर होतं. आत गणवेशातल्या एका कर्मचाऱ्याला नवऱ्याने सांगितलं की आमचं आज काही काम नाही, फक्त थोडा वेळ बसायचं आहे. तो माणूस त्या वेळचा नव्हता. त्याने काही न विचारता एका खोलीचं दार उघडून दिलं. जमिनीवर ततामीच्या गवती चटया, एक बुटकं टेबल, उलटे ठेवलेले चहाचे कप, खिडकीतून दिसणारं बांबूचं बन.

"तू कुठे बसला होतास?"

त्याने भिंतीकडची जागा दाखवली. तो पुन्हा तिथेच बसला आणि मी त्याच्या शेजारी. त्याने दोघांसाठी चहा ओतला. त्या दिवशी चहा ओतलाच नव्हता, तो म्हणाला, कप उलटेच राहिले होते. बाहेर कुणाची तरी मंडळी आली, काळे कपडे घातलेली बरीच माणसं, त्यांत एक आजी चाकांच्या खुर्चीत. त्यांना खोली लागणार होती. आम्ही कप धुऊन पुसून जागेवर ठेवले आणि उठलो. दारात त्या लोकांनी आम्हाला वाकून नमस्कार केला, आम्हीही केला. त्यांना वाटलं असेल आमचंही त्या दिवशीच कुणीतरी गेलंय.

बरणी आम्ही पुण्याला आणली आणि वाईला कृष्णेत अस्थी सोडल्या. माझे वडील बरोबर आले होते, ते काठावर उभे होते. आई आली नाही. तिला यायचं होतं पण माझ्या नवऱ्यासमोर उभं राहायचा तिला धीर होत नव्हता, असं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आम्ही दोघं पाण्यात उतरलो; नवऱ्याने बरणीवरच्या कापडाची गाठ सोडली आणि अस्थी त्या कापडात घेतल्या. एक टोक त्याने माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतःकडे ठेवलं, आणि आम्ही दोघांनी ते पाण्यात उलटं केलं.